ठाणावरचा सोबती

मार्गशीर्षाचा वद्य पक्ष लागला, म्हणजे नांदेडहून लातुरास जाणाऱ्या रस्त्यावर जनावरांची रीघ सुरू होते. लोहा तालुक्यांतील माळेगांव हें खंडोबाचें क्षेत्र. तेथें वद्य चतुर्दशीच्या सुमारास भरणाऱ्या यात्रेचा लौकिक महाराष्ट्राबाहेरही पोंचलेला आहे. देव स्वतः अश्वारूढ. तेव्हां त्याच्या अंगणांत घोड्यांचा बाजार भरावा, हें ओघानेंच आलें. घोडे, खेचरें, गाढवें, उंट, बैल यांच्या रांगा माळावर लागतात. घेणारा येतो, घोड्याचा ओठ उचलून दांत पाहतो, पायांवरून हात फिरवितो, कपाळावरचे व छातीवरचे भोंवरे न्याहाळतो, चार पावलें चालवून पाहतो. वयाची खूण दांतांत, चालीची खूण खुरांत आणि नशिबाची खूण भोंवऱ्यांत, असा ह्या बाजाराचा जुना ठोकताळा आहे. मग रुमालाखालीं बोटें दाबलीं जातात आणि सौदा ठरतो.

ह्या सर्व व्यवहारांत घोड्याचें वय विचारलें जातें, कुळी विचारली जाते, खोड विचारली जाते. एक प्रश्न मात्र कोणी विचारीत नाहीं: ह्या जनावराशीं घरांतलें कोणतें मूल बोलत असे? आमच्या मतें तो प्रश्न विचारण्यासारखा आहे. आणि ह्या महिन्याचें आमचें चिंतन त्याच एका प्रश्नासंबंधीं आहे.

निमित्तही तसेंच घडलें. लातूर जिल्ह्यांतील एका वाचक भगिनींचें पत्र आम्हांस आलें आहे. घर मोठें, एकत्र कुटुंबाचें. त्यांच्या थोरल्या दिरांनीं हौसेनें एक घोडी पाळली होती. आतां तिची निगा राखणारा गडी गांव सोडून गेला, कडब्याचा व चंदीचा खर्च झेपेनासा झाला, म्हणून वडील मंडळींनीं घोडी माळेगांवच्या बाजारांत विकण्याचें ठरविलें आहे. परंतु भगिनींचा नऊ वर्षांचा मुलगा चौथ्या वर्षापासून त्या घोडीच्या अंगाशीं वाढलेला. वडिलांचा बेत असा कीं, मुलास चार दिवस मामाकडे धाडावें, मागें व्यवहार उरकून घ्यावा, आणि तो परतला म्हणजे 'घोडी लांब चरायला गेली आहे, येईल कांहीं दिवसांनीं' असें सांगावें. हळूहळू पोर विसरेल. भगिनी विचारतात: वडिलांचा शब्द मोडावा असें मनांत नाहीं, पण हें योग्य होईल काय?

प्रश्न लहान दिसतो, पण तसा तो नाहीं. उत्तर देण्यापूर्वीं मुलाचें आणि घोड्याचें हें सख्य मुळांत कशाचें बनलेलें असतें, तें पाहिलें पाहिजे.

घोडी अकरा महिने गर्भ वाहते. शिंगरूं जन्मलें कीं तासा-दोन तासांत आपल्या पायांवर उभें राहतें. मनुष्याच्या मुलास त्याच कामाला वर्ष लागतें. चार-पांच वर्षांत शिंगराचा पुरा घोडा होतो, तेव्हां त्याच्याबरोबर जन्मलेलें मूल नुकतीं कोठें धुळाक्षरें गिरवूं लागलेलें असतें. पण घोड्याचें आयुष्य पंचवीस-तीस वर्षांचें. मुलानें पांचव्या वर्षीं जन्मतांना पाहिलेलें शिंगरूं त्याच्या विवाहापर्यंत, कदाचित् त्याच्या मुलाबाळांपर्यंतही जगूं शकतें. कुत्र्या-मांजरांच्या वांट्यास इतकें आयुष्य येत नाहीं. एका मनुष्याचें सारें वाढणें ज्यानें पाहिलें असा मुका साक्षी जर कोणी असेल, तर तो घोडाच होय.

दुसरी गोष्ट, घोडा हा भित्र्या कुळांतला प्राणी आहे. रणांत तोफांपुढें जाणारा म्हणून आपण त्यास शूर म्हणतों. परंतु त्याचा मूळ स्वभाव हरिणासारखा, शंका आली कीं पळ काढण्याचा. त्याचे डोळे मस्तकाच्या दोन्ही बाजूंस असल्यामुळें त्यास जवळ जवळ चोहोंकडचें दिसतें. पण ठीक पाठीमागचें आणि कपाळासमोर अगदीं जवळचें दिसत नाहीं. मागून जाणाऱ्यास तो लाथ मारतो ती दुष्टाव्यानें नव्हे, न दिसणाऱ्याच्या भयानें. मोठीं माणसें ठाणावर येतात तीं बहुधा काम घेऊन येतात. कोणाच्या हातीं खोगीर, कोणाच्या हातीं लगाम, कोणाच्या हातीं चाबूक. मूल येतें तें मुठींत गुळाचा खडा घेऊन, किंवा कांहींच न घेतां, नुसतें बोलावयास. ज्यास सर्व जगाचें भय, त्यास ह्या एका प्राण्याचें भय वाटत नाहीं. आणि ज्या मुलास घरांत सर्वजण मोठे, त्यास एवढा प्रचंड जीव आपल्या हाकेला कान टंवकारतो हें पाहून जो आनंद होतो, तो शब्दांत सांगतां येणारा नव्हे.

हें केवळ कवित्व आहे असें कोणीं समजूं नये. फ्रान्समधील संशोधकांनीं २०१० सालीं प्रसिद्ध केलेल्या एका अभ्यासांत असें आढळलें कीं, ज्या तरुण घोड्यांना खाऊ देऊन, न मारतां शिकविलें होतें, ते कित्येक महिन्यांच्या खंडानंतरही शिकलेलें विसरले नव्हते आणि माणसाजवळ आपण होऊन येत होते. इंग्लंडांतील ससेक्स विद्यापीठाच्या २०१६ सालच्या प्रयोगांत घोड्यांना माणसांच्या मुद्रांचीं छायाचित्रें दाखविलीं, तेव्हां रागीट मुद्रा पाहून त्यांच्या हृदयाचे ठोके अधिक लवकर वाढले. घरांत आज कोण रागावलें आहे, हें ठाणावरच्या घोड्यास घरांतल्या मुलाइतकेंच कळतें, असा याचा सरळ अर्थ आहे.

परंतु नुसत्या गोडीनें सख्य टिकत नाहीं. तें टिकतें सेवेनें. घोड्यास रोज खरारा करावा लागतो, खुरांतले खडे काढावे लागतात, लीद उचलावी लागते, वेळच्या वेळीं पाणी दाखवावें लागतें, तोबऱ्यांत चंदी भरून तोंडास बांधावी लागते. एकत्र कुटुंबांत मूल सर्वांत धाकटें. त्याच्यासाठीं सर्वांनीं करावयाचें, त्यानें कोणासाठीं कांहीं करावयाचें नाहीं, अशी आपली रीत. ठाणावर मात्र तें मूल कर्तें होतें. आपल्यावांचून जो तहानलेला राहील असा जीव त्यास आयुष्यांत प्रथमच तेथें भेटतो. घोडा माझा आहे, ह्या भावनेपेक्षां मी घोड्याचा आहे ही भावना फार खोल जाते. आणि ती सेवेंतून आलेली असल्यामुळें, घोडा विकला तरी ती विकली जात नाहीं.

हें सख्य पूर्णत्वानें पाहावयाचें असेल, तर धनगरांच्या वाड्याकडे पाहावें. पुणें, सातारा, सोलापूर, अहिल्यानगर ह्या भागांतील मेंढपाळ मेंढरें घेऊन चाऱ्यासाठीं वर्षांतले कित्येक महिने फिरत असतात, आणि त्यांचा सारा संसार लहानशा पण काटक घोड्यांच्या पाठीवर असतो. पाल, भांडींकुंडीं, दाणागोटा, कोंबड्या, नुकतीं जन्मलेलीं कोंकरें, आणि त्या सर्वांच्या शिखरावर घरांतलें लहान मूल, असा तो लवाजमा रस्त्यानें जातांना पुष्कळांनीं पाहिला असेल. त्या मुलास पाळणा निराळा नसतो. घोड्याची पाठ हाच पाळणा. घोडे लादणें-उतरविणें बहुधा बायकांकडे असतें, म्हणून आईचा हात आणि घोड्याचा श्वास ह्या दोन्ही गोष्टी तें मूल एकदमच ओळखूं लागतें. भीमेच्या कांठीं वाढलेली हीच ती भीमथडी घोड्यांची जात, जिच्या बळावर मराठ्यांच्या फौजा दूरदूरच्या मजला मारीत असत. आमच्या लातूर जिल्ह्यांतील उदगिरास १७६० सालीं सदाशिवरावभाऊंनीं निजामाचा पराभव केला, त्या काळीं दक्षिणेच्या राजकारणाचा तोल अशाच घोडदळांवर असे. राज्यें गेलीं, पागा मोडल्या, आणि ही जात राहिली ती मेंढपाळांच्या घरीं. अलीकडे, २०२३-२४ च्या सुमारास, राष्ट्रीय पशु-आनुवंशिक संसाधन संस्थेनें तिला स्वतंत्र देशी जात म्हणून मान्यता दिली. इतिहासकारांनीं ज्या घोड्याची कीर्ति सांगितली, तो आजवर जगला तो धनगरांच्या बायकामुलांच्या मायेवर, हें आपण विसरूं नये.

आतां आपल्या ग्रंथांकडे वळूं. भवभूति हा विदर्भांतील पद्मपुराचा; त्याच्या उत्तररामचरिताच्या चौथ्या अंकांत एक मोठा गोड प्रसंग आहे. वाल्मीकींच्या आश्रमांतील बटूंनीं घोडा कधीं पाहिलेलाच नाहीं. पशूंच्या नामावळींत आणि युद्धशास्त्राच्या पाठांत 'अश्व' हा शब्द तेवढा त्यांनीं घोकलेला. अश्वमेधाचा घोडा आश्रमाजवळ येतो, आणि तीं मुलें धांवत येऊन लवाला त्याचें वर्णन सांगतात: शेपूट केवढें, मान केवढी, खूर किती, खातो काय, आणि लीद टाकतो ती केवढाल्या गोळ्यांची! पंडितांनीं ह्या वर्णनावर हंसावें, पण आमच्या मतें भवभूतीनें येथें मुलाचें मन जसें टिपलें आहे तसें क्वचितच कोणीं टिपलें असेल. पाठ केलेला शब्द एकाएकीं श्वास घेऊं लागतो, तेव्हां मूल असेंच बोलतें. आज आपल्या घरांतील बहुतेक मुलें त्या बटूंच्याच स्थितींत आहेत. घोडा त्यांना ठाऊक आहे तो अंकलिपीच्या चित्रांतला, फार तर वरातींतला.

बाणभट्टाच्या कादंबरींत याच्या पुढची पायरी आहे. राजपुत्र चंद्रापीड सहाव्या वर्षीं नगराबाहेरच्या विद्यामंदिरांत जातो आणि सोळाव्या वर्षीं बाहेर पडतो. त्यास न्यावयास पित्यानें इंद्रायुध नांवाचा घोडा धाडलेला असतो. त्यावर आरूढ होण्यापूर्वीं हा राजपुत्र काय करतो? तो मनांतल्या मनांत त्या घोड्यास वंदन करितो, आणि तुझ्या पाठीवर बसण्याचा हा अतिक्रम आम्हांस क्षमा कर, अशी त्याची प्रार्थना करितो. दहा वर्षांच्या विद्येचें पहिलें फळ म्हणून कवीनें ही नम्रता दाखविली आहे. पुढें कथेंत उघड होतें कीं, तो घोडा म्हणजे शापानें अश्व झालेला एक जिवलग मित्र होता. घोड्याच्या रूपाआड मित्र असूं शकतो, ही गोष्ट बाणानें रूपकानें सांगितली. मुलांस ती उपजतच ठाऊक असते.

परंतु आमच्या भगिनींच्या प्रश्नाशीं खरी गांठ पडते ती अश्वघोषाच्या बुद्धचरितांत. बौद्ध कथांप्रमाणें सिद्धार्थ आणि त्याचा घोडा कंथक हे एकाच दिवशीं जन्मलेले. एके रात्रीं सिद्धार्थ पत्नीस आणि तान्ह्या पुत्रास निद्रेंत सोडून कंथकावर बसून निघाला. अरण्याच्या कडेस पोंचल्यावर त्यानें सारथी छंदकास अलंकार दिले आणि परत जाण्यास सांगितलें. तेव्हां कंथकानें त्याचे पाय चाटले आणि अश्रु ढाळले, असें कवि सांगतो. सिद्धार्थानें त्याच्या अंगावरून हात फिरविला, मित्राशीं बोलावें तसा तो त्याच्याशीं बोलला, रडूं नकोस म्हणाला, तुझ्या श्रमाचें चीज होईल म्हणाला. येथें वाचकांनीं क्षणभर थांबावें. ज्यानें पिता, पत्नी, पुत्र यांचा निरोप घेतला नाहीं, त्यानें घोड्याचा निरोप मात्र घेतला. एका रात्रींत तोडलेली ती वाट परत येतांना छंदकास आठ दिवस लागले. आणि कंथक वाटेंत गवतास तोंड लावीना. दुसऱ्या परंपरेंत तर तो विरहानें मेलाच असें सांगितलें आहे.

पश्चिमेकडचें उदाहरणही सर्वश्रुत आहे. शिकंदर बारा-तेरा वर्षांचा असतां त्याच्या पित्याकडे एक उमदा पण अनावर घोडा विकावयास आणला होता. मोठमोठे स्वार थकले. मुलानें पाहिलें कीं, घोडा भितो तो स्वारास नव्हे, स्वतःच्या सांवलीस. त्यानें त्याचें तोंड सूर्याकडे वळविलें आणि तो वर बसला. प्लूटार्कानें ही कथा दिली आहे. मोठ्यांना जी खोड दिसली, ती मुलास भीति म्हणून दिसली, एवढाच तिचा मथितार्थ. तो बुसेफेलस पुढें झेलमच्या कांठीं, ख्रिस्तपूर्व ३२६ मध्यें मेला, आणि शिकंदरानें त्याच्या नांवानें तेथें एक नगर वसविलें.

नगरें वसवावयाची शक्ति सर्वांस कोठून असणार? पण घोड्याचें आणि स्वाराचें नातें स्वार गेल्यावरही जपावें, ही जाण आपल्या भागांत अजून जिवंत आहे. नांदेड येथें १७०८ सालीं गुरु गोविंदसिंहांनीं देह ठेविला. तेथील हुजूर साहिब गुरुद्वाऱ्याकडे घोडे पाळले जातात, आणि ते गुरूंच्या घोड्याच्या वंशांतले अशी तेथील श्रद्धा आहे. सणांच्या मिरवणुकींत ते शृंगारून निघतात. पण गुरूंचा म्हणून जो मानला जातो, त्यावर कोणी बसत नाहीं. आळंदीहून पंढरीस जाणाऱ्या माउलींच्या पालखीबरोबर बेळगांव जिल्ह्यांतील अंकलीहून शितोळे सरकारांचे दोन अश्व येतात. एकावर स्वार असतो. दुसऱ्याची पाठ मोकळी असते, कारण तीवर स्वतः माउली आहेत अशी भावना. रिंगणांत तो धांवून गेला कीं त्याच्या टापांखालची माती कपाळास लावावयास वारकऱ्यांची झुंबड उडते. एक शीख परंपरा, एक वारकरी परंपरा. दोन्हींनीं सांगितलें तें एकच, कीं घोड्याची मोकळी पाठ ही रिकामी नसते.

मग मुलाच्या मनांतली ती पाठ 'पोर विसरेल' म्हणून आपण पुसून टाकावयाची काय?

आमच्या शिक्षकीच्या आरंभींची एक हकीकत येथें सांगण्याजोगी आहे. १९८२ सालीं लातूर जिल्ह्याचें ठिकाण झालें, त्याच्या पुढच्या दोन-चार वर्षांतली ही गोष्ट. गांवांत टांगे अजून होते, पण ऑटोरिक्षा येऊं लागल्या होत्या आणि टांगेवाल्यांचीं भाडीं दिवसेंदिवस घटत होतीं. आमच्या सातवीच्या वर्गांत एका टांगेवाल्याचा मुलगा होता. अभ्यासांत मध्यम, पण वेळेस पक्का. कारण पहांटे उठून घोडीस खरारा व पाणी करूनच तो शाळेस येई. एके दिवशीं तो शाळेंत असतां घोडी बाजारास गेली. संध्याकाळीं घरीं येऊन पाहतो तों पिछाडीचे दोर गुंडाळून भिंतीस टांगलेले. कोणीं कांहीं सांगितलें नाहीं, त्यानें कांहीं विचारलें नाहीं. दुसऱ्या दिवशीं पहांटे त्यानें नेहमींप्रमाणें विहिरीचें पाणी ओढलें आणि बादली ठाणावर नेऊन ठेविली. असें तो पुष्कळ दिवस करीत होता, हें त्याच्या आईनें आम्हांस पुढें सांगितलें. शाळेंत त्याचें मन लागेना. आणि बापाच्या कोणत्याही शब्दावर त्याचा विश्वास उरला नाहीं, ही त्याहून मोठी हानि.

अनेक वर्षांनीं तो भेटला तेव्हां त्याचीं स्वतःचीं मुलें कॉलेजांत जात होतीं. बोलतां बोलतां घोडीचा विषय निघाला. तो म्हणाला, "गुरुजी, बाबांना ती विकावीच लागली असती, हें मला आतां कळतें. पोट होतें. पण जातांना एकदां तिच्या मानेवरून हात फिरवूं द्यायचा होता. ती वळून पाहत गेली असेल, असं अजून वाटतं मला." बापाविरुद्ध त्याची तक्रार एवढीच होती, पण ती तीस वर्षें टिकली.

ह्यावरून आमच्या भगिनींनीं आणि त्यांच्या घरच्या वडील मंडळींनीं काय तें जाणावें. घोडी विकूं नये असें आम्ही म्हणत नाहीं. दाणा झेपत नसतां हौसेखातर जनावर उपाशी ठेवणें हा मोठा दोष आहे. तिची निगा राखील अशा घरीं ती गेली, तर तिचेंही कल्याणच आहे. आमचें म्हणणें एवढेंच कीं, मुलास मामाकडे धाडूं नये आणि 'चरायला गेली आहे' हें असत्य तर मुळींच बोलूं नये. असत्य फार दिवस टिकत नाहीं. आणि तें उघडें पडलें म्हणजे मुलाचें दोन ठिकाणीं नुकसान होतें. घोडी तर जातेच, आणि वडिलांचा शब्दही जातो.

निदान पंधरवडाभर आधीं त्यास सांगावें. आणि सांगावें तें ज्यांनीं निर्णय घेतला त्यांनीं, म्हणजे थोरल्या काकांनींच, जवळ बसवून. खरें कारण सांगावें: गडी नाहीं, खर्च झेपत नाहीं. नऊ वर्षांच्या मुलास खर्चाची भाषा कळते. आपण समजतों त्याहून अधिक कळते. तो रडेल, त्यास रडूं द्यावें. खेळणें आणून तें रडें विकत घेऊं नये. मग त्यास एक काम द्यावें. घोडीच्या संवयी त्यानें आपल्या हातानें कागदावर लिहून काढाव्या: कोणत्या बाजूनें गेलें तर ती बुजत नाहीं, कशास भिते, पाणी केव्हां पिते, कोणत्या हाकेस ओ देते, कोणत्या पायास हात लावलेला खपत नाहीं. तो कागद घेणाराच्या हातीं द्यावा. घेणारास त्याचा उपयोग आहे, घोडीस त्याहून अधिक, आणि मुलास सर्वांत अधिक. कारण आपण तिच्यासाठीं शेवटचें कांहीं करूं शकलों, ही जाणीव त्याच्याजवळ राहील.

त्यास बाजारांत न्यावें कीं नाहीं, असा प्रश्न येईल. आमच्या मतें नेऊं नये. बाजारांत घेणारा किंमत पाडण्यासाठीं जनावराचे दोष मोजतो, आणि आपल्या सोबत्याची ती निंदा ऐकणें मुलास असह्य होईल. निरोप घरींच, दारांत घ्यावा. त्या दिवशीं सकाळचा खरारा त्यानें करावा, पाणी त्यानें दाखवावें, आणि घरच्या गृहिणीनें घोडीस हळदकुंकू लावून भाकरतुकडा ओंवाळावा, जसा घरांतून परगांवीं जाणाऱ्या माणसास आपण निरोप देतों तसा. घेणाराचें नांवगांव लिहून ठेवावें. सोयीचें असलें तर पुढें कधीं मुलास भेटीस न्यावें, पण जें खात्रीनें पाळतां येणार नाहीं त्याचें वचन देऊं नये.

घोडा विकला न जातां घरींच म्हातारा झाला, तरी हाच नियम. घोड्यास ओकतां येत नाहीं. त्यामुळें पोटांत शूळ उठला म्हणजे तो पाहतां पाहतां दगावूं शकतो. तो पुन्हां पुन्हां आपल्या कुशीकडे वळून पाहूं लागला, जमिनीवर लोळूं लागला, तर घरगुती उपचारांत वेळ न घालवितां पशुवैद्यास बोलवावें. त्यांतूनही तो गेलाच, तर मुलापासून लपवूं नये. आणि ज्यांच्या अंगणांत घोडा आहे त्यांनीं मुलांच्या धनुर्वाताच्या लसीची तारीख चुकवूं नये, दोर हातास गुंडाळूं देऊं नये, व मागून जाण्याची संवय पहिल्याच दिवशीं मोडावी. माया असली म्हणजे सावधगिरी नको, असा अर्थ नव्हे.

कोणी म्हणेल, आतां घोडे आहेतच किती? खरें आहे. पशुगणनेप्रमाणें २०१२ सालीं आपल्या देशांत घोडे व तट्टें मिळून सुमारें सवा सहा लक्ष होतीं. २०१९ सालीं तीं साडेतीन लक्षांच्याही आंत आलीं. सात वर्षांत जवळ जवळ निम्मीं गेलीं. ह्या अंकांमागें किती ठाणीं ओस पडलीं आणि किती मुलांस खरें सांगितलें गेलें, हें कोणत्याही गणनेंत येत नाहीं. परंतु घोडा नसला तरी घरोघर वासरूं आहे, कुत्रें आहे, पोपट आहे. आणि त्यांच्यापैकीं एखाद्याशीं मनांतलें सर्व बोलणारें एक तरी मूल प्रत्येक घरांत आहे. मोठ्यांच्या व्यवहारांत त्या बोलण्यास किंमत नसेल; त्या मुलाच्या आयुष्यांत मात्र तोच पहिला व्यवहार, ज्यांत त्यानें मनापासून दिलें आणि हिशेब मागितला नाहीं. ज्या जीवासाठीं आपल्या घरांतलें मूल पहांटे उठून पाणी ओढीत होतें, तो जीव दाराबाहेर पडेल त्या वेळीं त्या मुलास जागें ठेवावें, एवढेंच आमचें सर्व वाचकांजवळ मागणें आहे.